एसजीपीटी वाढलं म्हणजे लिव्हर खराब झालं का? रक्तातली एन्झाइम्स काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्टची पीडीएफ आली. बारा-पंधरा पानं, आणि त्यात एका ओळीत ठळक अक्षरांत आकडा : एसजीपीटी 68. बाजूला लिहिलंय 'हाय'. डॉक्टरांची अपॉइंटमेंट दोन दिवसांनी आहे, पण गुगल हातातच आहे. पुढच्या दहा मिनिटांत माणूस फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस, सिरोसिस असा प्रवास करत थेट कॅन्सरपर्यंत पोचतो.

याच्या उलटही होतं. एसजीपीटी नॉर्मल आलं की 'माझं लिव्हर एकदम ठणठणीत' म्हणून लोक निर्धास्त होतात.

दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात. का, ते समजून घ्यायचं तर हा आकडा मुळात कशाचा आहे ते बघावं लागेल.

पेशीतलं एन्झाइम रक्तात येतंच कसं?

एन्झाइम म्हणजे विकर. शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढवणारी प्रथिनं. यातली बहुतेक पेशींच्या आत काम करतात, रक्तात त्यांचं काहीच काम नसतं. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, या रोजच्या उलाढालीत थोडी एन्झाइम्स रक्तात येतात. ते प्रमाण म्हणजे 'नॉर्मल'. पण एखाद्या अवयवाच्या पेशींना मार बसला, त्यांचं आवरण फाटलं किंवा सैल झालं, की आतला माल मोठ्या प्रमाणात बाहेर येतो आणि रिपोर्टवरचा आकडा चढतो.

सोसायटीच्या जिन्यावरून दुधाचा ओघळ खाली येताना दिसला, तर वर कुणाच्या तरी घरी पिशवी फुटली एवढं नक्की कळतं. कुणाच्या घरी, कशामुळे, आणि त्या घरात आता किती दूध शिल्लक आहे, हे ओघळाकडे बघून कळत नाही. एन्झाइमची चाचणी म्हणजे हा ओघळ मोजणं.

लॅबमध्येही एन्झाइमचं वजन होत नाही, त्याचं काम मोजलं जातं. एन्झाइमला ठरावीक पदार्थ द्यायचा आणि दर मिनिटाला तो किती बदलतो ते पाहायचं. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थ बदलवणारी क्षमता म्हणजे एक युनिट. रिपोर्टवर 'युनिट्स पर लिटर' लिहिलेलं असतं ते हे.

नावांचा गोंधळही इथेच मिटवू. एसजीपीटी आणि एएलटी ही एकाच एन्झाइमची नावं, एसजीओटी आणि एएसटी हीसुद्धा एकाच एन्झाइमची. पहिली नावं जुनी, दुसरी नवी. जगभर नवी रुळली, आपल्याकडे लॅबपासून घरापर्यंत अजून जुनीच चालतात.

लिव्हरची म्हणून ओळखली जाणारी टेस्ट आधी हार्ट अटॅकसाठी होती

ही गोष्ट न्यूयॉर्कमधली, 1954 सालची. छातीत दुखतंय, ईसीजी स्पष्ट बोलत नाही, मग हार्ट अटॅक आलाय का हे ठरवायचं कसं? जॉन लाड्यू, फेलिक्स व्रुब्लेव्स्की आणि आर्थर कारमेन या तिघांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. हृदयाच्या स्नायूत एसजीओटी भरपूर असतं. त्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटून तो मरायला लागला की काही तासांत रक्तातलं एसजीओटी वाढतं, एक-दोन दिवसांत सगळ्यात वर जातं आणि पुढच्या काही दिवसांत उतरतं, असं त्यांनी दाखवलं. रक्ताच्या थेंबातून हृदयाला झालेली इजा ओळखता येणं ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

पण लवकरच लक्षात आलं की लिव्हरच्या आजारातही एसजीओटी चढतं, तेही कैक पटींनी. पुढच्या दोन वर्षांत एसजीपीटीचा अभ्यास झाला आणि ते लिव्हरच्या बाबतीत जास्त नेमकं ठरलं, कारण ते मुख्यतः लिव्हरच्या पेशींतच मोठ्या प्रमाणात असतं. एसजीओटी मात्र लिव्हर, हृदय, हातापायांचे स्नायू, किडनी, मेंदू आणि लाल रक्तपेशी अशा अनेक ठिकाणी सापडतं.

हृदयासाठी मग सीके-एमबी हे जास्त नेमकं एन्झाइम आलं, आणि सन 2000 मध्ये युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी हार्ट अटॅकची व्याख्या नव्याने करताना ट्रोपोनिनला पहिली पसंती दिली. ट्रोपोनिन हे एन्झाइम नाहीच, ते स्नायूच्या रचनेतलं प्रथिन आहे. तरीही कित्येक हॉस्पिटलांत 'कार्डियाक एन्झाइम्स पाठवा' असं म्हणतात आणि पाठवतात ट्रोपोनिनच. सवयीने नाव टिकलं, इतकंच.

म्हणजे आज छातीत दुखत असताना एसजीओटी बघून हार्ट अटॅक ठरवायचा काळ गेला. ईसीजी आणि ट्रोपोनिन यावर निर्णय होतो. ट्रोपोनिन चढायलाही वेळ लागतो, म्हणून पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी काही तासांनी पुन्हा रक्त घेतात. पहिल्या रिपोर्टनंतर 'नॉर्मल आहे, चला घरी' म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावं.

मग 68 हा आकडा किती गंभीर?

सगळ्यात आधी डॉक्टर बघतात, किती पट. लॅबची वरची मर्यादा साधारण 40 च्या आसपास असते. त्याच्या दीडपट-दुप्पट वाढ आपल्याकडे खूप लोकांच्या रिपोर्टमध्ये दिसते आणि त्यामागे बहुतेकदा फॅटी लिव्हर निघतं. भारतातल्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, दारूशी संबंध नसलेल्या फॅटी लिव्हरचं प्रौढांमधलं प्रमाण सुमारे 38 टक्के निघालं होतं. पोटाचा घेर, मधुमेह आणि ट्रायग्लिसराइड्स यांच्याशी त्याचा संबंध असतो. लगेच जीवावर बेतणारं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

आकडा हजारांत असेल तर चित्र वेगळं. विषाणूंमुळे होणारी तीव्र कावीळ, पॅरासिटामॉलचा अतिडोस किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा अचानक घटणं, अशी कारणं तिथे शोधतात. पॅरासिटामॉल घरोघरी असल्याने ते निरुपद्रवी वाटतं. ठरलेल्या डोसमध्ये ते सुरक्षित आहेही. पण अतिडोस झाला तर पहिल्या दिवशी रुग्ण बऱ्यापैकी ठीक दिसतो, आणि एन्झाइम्स नंतर चढतात.

दुसरी गोष्ट, दोन एन्झाइम्सचं एकमेकांशी प्रमाण. इटलीच्या फर्नांडो डे रिटिस यांनी 1957 मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला डे रिटिस रेशो म्हणतात. फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला एसजीपीटी जास्त असतं. दारूमुळे लिव्हरला सूज आली असेल तर उलटं होतं, एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त दिसू शकतं, आणि तरी ते सहसा तीन-चारशेच्या आतच राहतं. त्यामुळे दारूच्या बाबतीत लहान आकडा पाहून हायसं वाटून घेऊ नये. रुग्ण अत्यंत गंभीर असतानाही आकडा दोनशेवर थांबलेला असू शकतो.

तिसरी गोष्ट, सोबतीला कोण आहे. अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ही दोन्ही वाढली असतील तर अडचण पित्तनलिकेत असण्याची शक्यता वाढते, उदाहरणार्थ तिथे अडकलेला खडा. फक्त अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर नजर हाडांकडे जाते. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, कारण हाडं वाढत असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेमुळे वाढतं. बारा वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट मोठ्यांच्या मर्यादेला लावून 'हाय' छापला गेला की आईबापांची झोप उडते, आणि कारण फक्त एवढंच असतं की मुलगा उंच होतोय.

औषधांचा इतिहास तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी आपणच सांगायला हवा. क्षयरोगावरची आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं लिव्हरला त्रास देऊ शकतात. म्हणून उपचार सुरू असताना मळमळ, भूक मरणं, लघवी गडद होणं अशी लक्षणं दिसली की एन्झाइम्स तपासतात. लक्षणांसह तिप्पट किंवा लक्षणांशिवाय पाचपट वाढ झाली तर औषधं थांबवून पुढचा निर्णय घ्यायचा, असा सर्वसाधारण निकष आहे. हा निर्णय डॉक्टरांचा. घाबरून स्वतःच टीबीची औषधं बंद करणं हा वेगळा आणि मोठा धोका आहे.

'नैसर्गिक' गोष्टीही या यादीत येतात. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. 2020 च्या अखेरीस मुंबईत लिव्हरला इजा झालेले 6 रुग्ण आढळले, त्या सगळ्यांनी गुळवेल घेतली होती, असा निबंध 2021 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचं म्हटलं. वाद आहे हे मान्य. पण एसजीपीटी वाढलेलं असताना आपण कोणता काढा पितोय हे डॉक्टरांपासून लपवण्यात काहीच शहाणपणा नाही.

आकडा नॉर्मल, लिव्हर मात्र संपत आलेलं

जिन्यावरचा ओघळ पुन्हा आठवा. घरात दूधच उरलं नसेल तर ओघळ कुठून येणार? वर्षानुवर्षं मार खाऊन लिव्हरच्या पेशींची जागा कठीण तंतूंनी घेतली, म्हणजे सिरोसिस झाला, की एसजीओटी-एसजीपीटी नॉर्मल किंवा नॉर्मलच्या जवळ असू शकतात.

एसजीपीटी ज्या पॅनेलमध्ये येतं त्याचं नाव 'लिव्हर फंक्शन टेस्ट' आहे, आणि मला वाटतं सगळ्या गैरसमजाचं मूळ या नावात आहे. ही एन्झाइम्स लिव्हरचं काम मोजतच नाहीत, इजा मोजतात. लिव्हर काम किती करतंय हे कळतं ते अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, यांवरून. रिपोर्टमध्ये ठळक छापलेलं एसजीपीटी बघून झाल्यावर त्याच पानावर शांतपणे बसलेलं अल्ब्युमिनही बघा.

जिम, इंजेक्शन आणि एक महागात पडणारी चूक

आदल्या दिवशी जिममध्ये पायांचा जोरदार व्यायाम केला आणि सकाळी रक्त दिलं, तर स्नायूंतून सीके नावाचं एन्झाइम कितीतरी पटींनी वाढलेलं मिळू शकतं. सोबत एसजीओटी आणि थोडं एसजीपीटीही. लिव्हर बिचारं काहीच न करता आरोपी ठरतं. स्नायूत घेतलेलं इंजेक्शन आणि कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन औषधं यांचाही सीकेवर परिणाम होऊ शकतो.

तरुणाच्या बाबतीत ही चूक फार तर पुन्हा टेस्ट करून निस्तरते. लहान मुलाच्या बाबतीत तसं नाही. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा मुख्यतः मुलग्यांना होणारा आनुवंशिक आजार आहे, त्यात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. या मुलांचं एसजीओटी-एसजीपीटी लहानपणापासून वाढलेलं असतं. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत हे आकडे सापडतात, लिव्हरच्या तपासण्यांची रांग लागते, कधी लिव्हरचा तुकडा काढून बायोप्सीपर्यंत गोष्ट जाते. सीकेची एक साधी चाचणी केली असती तर आकडा हजारांत दिसला असता आणि दिशा लगेच कळली असती. 1959 मध्ये जपानच्या सेत्सुरो एबाशी आणि सहकाऱ्यांनी या आजारात सीके वाढतं हे दाखवून दिलं होतं. ज्ञान जुनं आहे, पण मूल वारंवार पडतंय, जिना चढताना गुडघ्यावर हात टेकतंय, हे कुणी विचारायला हवं.

स्वादुपिंडाचं थोडक्यात : पोटाच्या वरच्या भागात असह्य, पाठीत जाणारी कळ, आणि अमायलेज किंवा लायपेज वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, या दोन गोष्टी जुळल्या तर स्वादुपिंडाला तीव्र सूज असल्याचं निदान करता येतं. नुसता आकडा पुरत नाही. अमायलेज लाळग्रंथीतही तयार होतं, त्यामुळे गालगुंड झालेल्या मुलातही ते वाढतं.

फुल बॉडी पॅकेजचं गणित

'नॉर्मल रेंज' ठरवताना निरोगी लोकांच्या रक्ताची तपासणी करतात आणि मधले 95 टक्के आकडे नॉर्मल मानतात. म्हणजे व्याख्येनुसारच 5 टक्के निरोगी माणसं रेंजबाहेर पडतात. आता 20 स्वतंत्र चाचण्यांचं पॅकेज घ्या. पूर्ण निरोगी माणसाचे सगळे 20 आकडे रेंजमध्ये येण्याची शक्यता निघते सुमारे 36 टक्के. उरलेल्या 64 टक्के वेळा किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येणार. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींपासून इतक्या स्वतंत्र नसतात, त्यामुळे आकडा थोडा बदलेल, पण मुद्दा तोच. सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या 'ऑफर'मध्ये काहीच हाय-लो न येणं हेच नवल.

त्यात नमुना घेतानाची गडबडही धरा. रक्त काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एसजीओटी आणि एलडीएच नमुन्यात मिसळतं आणि आकडा खोटा वाढतो. रिपोर्टखाली बारीक अक्षरांत 'हिमोलाइज्ड सॅम्पल' अशी टीप असते. ती वाचा.

एक मात्र आहे, मर्यादेच्या आत आहे म्हणून सगळं आलबेल असंही नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने 2017 मध्ये म्हटलंय की एसजीपीटीची खरी निरोगी वरची मर्यादा पुरुषांत 29 ते 33 आणि बायकांत 19 ते 25 धरायला हवी. लॅबच्या छापील मर्यादेपेक्षा हे बरंच कमी आहे.

एन्झाइम कमी होतं तेव्हा : यवतमाळची फवारणी

आतापर्यंत सगळं वाढण्याबद्दल झालं. एका एन्झाइमच्या बाबतीत धोका घटण्यात असतो, आणि ते महाराष्ट्राने फार वाईट पद्धतीने पाहिलंय.

कोलिनएस्टरेज. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना असिटिलकोलिन या रसायनातून निरोप देतात. निरोप पोचला की ते रसायन लगेच पुसायचं काम हे एन्झाइम करतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं याच एन्झाइमला बांधून ठेवतात. किडा मरतो तोही यामुळेच. माणसाच्या अंगात ते गेलं की निरोप पुसलेच जात नाहीत : तोंडाला फेस, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, उलट्या, स्नायूंची थरथर, आणि शेवटी श्वास बंद.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी उंच वाढली होती. फवारा डोक्याच्या पातळीवर उडत होता, बहुतेकांकडे ना मास्क ना हातमोजे. त्या हंगामात जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. राज्य सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजण्याची सोय यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात तेव्हा नव्हती, हेही त्या काळात पुढे आलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विषबाधेची लक्षणं दिसत असताना डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाहीत, बघूही नये. ॲट्रोपिन लगेच सुरू होतं. मग चाचणी कशाला? विषबाधा ऑर्गॅनोफॉस्फेटचीच आहे का, किती खोल आहे, हे कळायला. आणि त्याहून जास्त, माणूस कोसळायच्या आधी त्याला शेतातून बाहेर काढायला. रोज थोडं थोडं विष अंगात जात असेल तर लक्षणं दिसायच्या आधीच एन्झाइम घसरायला लागलेलं असतं.

पण प्रत्येकाची नॉर्मल पातळी वेगळी असते, एकाची दुसऱ्यापेक्षा दुप्पटही. त्यामुळे आजारी पडल्यावर घेतलेला एकच आकडा अनेकदा काही सांगत नाही. हंगामापूर्वी, फवारणी सुरू व्हायच्या आधी, रक्त तपासून मूळ पातळी नोंदवून ठेवावी लागते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अशी कीटकनाशकं नियमित हाताळणाऱ्या शेतमजुरांसाठी 1970 च्या दशकापासून हा नियम आहे. मूळ पातळीच्या 80 टक्क्यांखाली एन्झाइम गेलं की कामाच्या पद्धतीची चौकशी होते. लाल पेशींतलं एन्झाइम 70 टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातलं 60 टक्क्यांवर आलं की मजुराला त्या कामावरून हटवतात, आणि पातळी पुन्हा 80 टक्के झाल्याशिवाय परत घेत नाहीत.

नियम आपल्याकडेही आहे. कीटकनाशक नियम 1971 मधला नियम 37 सांगतो की फवारणीच्या कामावर ठेवलेल्या माणसांची कामाला लावण्याआधी आणि नंतरही वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटातलं असेल तर रक्तातलं कोलिनएस्टरेज दर महिन्याला मोजावं. पाठीवर पंप बांधून रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्या मजुराचं रक्त दर महिन्याला कोण घेणार, आणि त्याची नोंद कुठल्या वहीत होणार? तुमच्या गावात फवारणीला जाणारं कुणी असेल, तर त्यांची ही तपासणी आजवर एकदा तरी झाली आहे का, ते विचारून बघा.